गारठ्यात झाडं झाकताना आणि सकाळी उघडताना

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे दुसऱ्या कुणी वाचलं तरी त्यांना संदर्भ लागेल. तुमचं घर कोल्हापूरजवळ वडणग्याच्या बाजूला, मागं उसाचं रान. येत्या चार-पाच रात्री पारा १० च्या आसपास उतरणार असा अंदाज आहे. गच्चीवर तुळस, कढीपत्ता, जास्वंद, अँथुरियम आणि अडेनियम. परसात तीन केळी, त्यातली एक नुकती निसवलेली, म्हणजे घड बाहेर पडलेली, आणि एक पपई. सासूबाई म्हणतात, पालापाचोळा पेटवून धूर करा. मुलगा म्हणतो, सगळ्यावर प्लॅस्टिक ओढा. त्यात काल सकाळी जास्वंदीवर सरडा लाकडासारखा कडक झालेला दिसला, आणि शेजारचा ऊस आठवड्यात तुटणार म्हणून तुमच्या मनात सापांची भीती. झाडांचं काय करू आणि या जनावरांचं काय करू, असे दोन प्रश्न तुम्ही विचारलेत.

मी २६ वर्षं पंचगंगेच्या काठी रोपवाटिका चालवतो. माझ्या अनुभवात हे दोन प्रश्न वेगळे नाहीत. झाडासाठी आपण जी ऊब करतो, तीच ऊब रात्री बेडूक, सरडा, साप सगळेच शोधत असतात. त्यामुळं संध्याकाळी झाकण्याइतकंच सकाळी उघडण्याला महत्त्व आहे. दुसरी गोष्ट, फेब्रुवारीत लोक माझ्याकडं गेलेली झाडं घेऊन येतात, त्यातली थोडीच थंडीनं गेलेली असतात. बाकीची थंडीत जास्त घातलेल्या पाण्यानं, अंगाला चिकटलेल्या प्लॅस्टिकनं, नाहीतर घाईनं मारलेल्या कात्रीनं गेलेली असतात.

आधी थंडी किती ते समजून घेऊ. डिसेंबर-जानेवारीत कोल्हापूरचं किमान तापमान साधारण १४-१५ अंशांच्या आसपास असतं. हवामान खात्याच्या व्याख्येप्रमाणं सपाट प्रदेशात किमान तापमान १० किंवा त्याखाली गेलं आणि ते सरासरीपेक्षा ४.५ अंशांनी किंवा जास्त घसरलं, तर ती थंडीची लाट. म्हणजे आपल्याकडं नियमात बसणारी लाट क्वचितच येते. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी दवबिंदू गोठतात, निफाडकडं द्राक्षवाले रात्र रात्र जागतात, तसं आपल्याकडं होत नाही. आपल्या झाडांना बर्फाची भीती नाही. भीती आहे ती गारठ्याची, कारण आपल्या बागेतली अर्धी झाडं मूळची उष्ण, दमट मुलखातली आहेत. त्यांना १२-१३ अंशांच्या खालीच त्रास सुरू होतो.

अंदाजातला आकडा आणि तुमच्या परसातला आकडा एक नसतो, हेही लक्षात ठेवा. वेधशाळेचा थर्मामीटर जमिनीपासून सव्वा मीटरभर उंचीवर, झडपांच्या पांढऱ्या पेटीत असतो. आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असला की जमिनीलगतची हवा त्याहून गार होते, आणि उघड्या आभाळाखालचं पान तर आणखी गार. शिवाय थंड हवा जड असते, उतारावरून खाली येते आणि सखल जागी पाण्यासारखी साचते. म्हणून वडणगे, आंबेवाडी, प्रयाग चिखलीच्या मळ्यांत पहाटे जो गारठा असतो, तो शहरात मंगळवार पेठेत नसतो. माझ्या रोपवाटिकेत दोन थर्मामीटर आहेत, एक नदीकडच्या खालच्या वाफ्यात, दुसरा वरच्या शेडच्या भिंतीला. शांत, निरभ्र रात्री दोन्हींत दोन-तीन अंशांचा फरक मी नेहमी बघतो. तुम्हीही एक साधा किमान-कमाल थर्मामीटर केळीजवळ, कमरेएवढ्या उंचीवर लावून ठेवा. रात्री ढग आले किंवा वारा हलता राहिला, तर अंदाज काहीही असो, तुम्ही निवांत झोपा. आभाळात चांदण्या लख्ख आणि पान हलत नाही, अशी रात्र असली की मात्र झाका.

आता पाणी. इथं मी जरा सविस्तर सांगणार आहे, कारण सगळ्यात जास्त झाडं इथंच जातात. माती गार झाली की मुळं पाणी नीट उचलत नाहीत. पण दिवसा ऊन लख्ख असतं, उत्तरेचा वारा कोरडा असतो, पानांतून पाणी उडत राहतं. मग कुंडीत ओल असूनही झाड माना टाकतं. आपल्याला वाटतं तहान लागली, आपण आणखी घालतो. मुळाशी गार चिखल होतो आणि मुळं कुजतात. म्हणून या दिवसांत झाडाकडं बघून पाणी घालू नका, मातीत बोट घालून घाला. दोन पेरं बोट आत गेलं आणि माती कोरडी लागली तरच पाणी, तेही सकाळी नऊ-दहाच्या सुमारास, ऊन कुंडीवर आल्यावर. गच्चीवरच्या टाकीतलं सकाळचं पाणी बर्फासारखं असतं, ते थेट घालू नका. विहिरीचं किंवा बोअरचं ताजं पाणी थंडीत कोमट लागतं, ते उत्तम. ते नसेल तर बादली भरून उन्हात तासभर ठेवा. अँथुरियमच्या पानांवर आणि मधल्या कोंबावर पाणी पडू देऊ नका. अडेनियमला तर ही लाट सरेपर्यंत पाण्याचा थेंबही नको. त्याची पानं गळतील, गळू द्या. त्याच्या फुगलेल्या खोडात महिनाभराची बेगमी असते.

परसातल्या केळीचं गणित मात्र उलटं आहे. ओली जमीन दिवसाची ऊब कोरड्या जमिनीपेक्षा जास्त धरते आणि रात्री हळूहळू सोडते. म्हणून थंडी वाढणार असं कळलं की आदल्या दिवशी सकाळी केळीच्या आळ्यात हलकं पाणी द्या. तुंबवू नका, माती ओलसर झाली की पुरे. शेतकरी केळीच्या बागेला कडाक्याच्या रात्री पाणी सोडतात, त्यामागंही हेच आहे.

सासूबाईंच्या धुराबद्दल. त्यांनी शेतात बघितलेलं खरं आहे, पिढ्यान् पिढ्या लोक बांधावर ओला पाला पेटवत आलेत. पण त्यातली जी ऊब मिळते ती जाळाची असते, धुराची नव्हे. जमिनीतून आभाळाकडं निघून जाणारी उष्णता अडवायला धुराचे कण फार बारीक पडतात. एवढ्याशा परसात धूर केला तर तो तुमच्या आणि शेजाऱ्यांच्या छातीत जाईल, केळीला काही मिळणार नाही. त्यापेक्षा तोच पाला, तेच पाचट (उसाचा वाळका पाला) न जाळता झाडाच्या बुंध्याशी पसरा. वडणग्यात राहता, शेजारी ऊसतोड होणार आहे, म्हणजे पाचट तुम्हाला हवं तेवढं मिळेल. केळी आणि पपईच्या भोवती वीतभर जाडीचा थर द्या, पण खोडाला टेकवू नका, चार बोटं जागा मोकळी सोडा. खोडाला टेकलेलं ओलं पाचट पपईचा बुंधा कुजवतं.

प्लॅस्टिकबद्दल मी माझी चूक सांगतो. सुरुवातीच्या दिवसांत, असाच गारठा पडला तेव्हा मी अँथुरियमच्या आणि मनीप्लांटच्या रांगांवर पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद सरळ टाकला आणि कडा विटांनी दाबल्या. पहाटे आतल्या बाजूनं पाण्याचे थेंब धरले होते. जिथं जिथं कागद पानाला चिकटला होता तिथं पान काळं, भिजून पातळ झाल्यासारखं. साडेनवापर्यंत मी दुसऱ्या कामात होतो, तेवढ्यात आत ऊन कोंडलं आणि उरलेली पानं शिजली. एका रात्रीत आणि एका सकाळीत जवळजवळ अख्खी रांग गेली. तेव्हापासून आमच्याकडं झाकण म्हणजे सुती कापड नाहीतर बारदान. जुनी लुगडी, धोतरं, चादरी, काहीही चालतं. बाहेरून दव फार पडत असेल तर कापडावर प्लॅस्टिक घाला, पण पानाला लागून प्लॅस्टिक कधीच नको.

झाकायची पद्धत महत्त्वाची आहे. झाडाच्या डोक्यावरून कापड घालून खोडाशी दोरीनं आवळतात, ते चूक. झाडाला स्वतःची ऊब नसते, ऊब खालच्या जमिनीतून येते. कापडाची झालर जमिनीपर्यंत यायला हवी, म्हणजे मातीतून निघणारी ऊब आत अडकते. बांबूच्या चार कामट्या रोवून वर कापडाचा छोटा मांडव करा, पानाला कापड लागणार नाही असा. आणि हे सूर्य मावळायच्या आधी करा, माती अजून उन्हानं तापलेली असताना. रात्री दहाला आठवण झाली म्हणून झाकलं तर तुम्ही गार हवाच आत कोंडता. सगळ्यात गार वेळ असते ती सूर्य उगवण्याच्या सुमाराची, त्यामुळं पहाटे पाचला उठून काढू नका. आठ-साडेआठला ऊन अंगावर आलं की काढा.

निसवलेल्या केळीकडं आधी बघा. १३ अंशांच्या खाली केळीची वाढ थांबते. पोंग्यातून, म्हणजे मधल्या गुंडाळलेल्या पानातून, बाहेर पडणारा घड अर्ध्यात अडकू शकतो. तुमचा घड बाहेर पडलाय म्हणता, तर त्याला केळीच्याच वाळलेल्या पानांनी सैल वेढा आणि वरून बारदानाचा तुकडा बांधा, खालचं तोंड उघडं ठेवा. पानं करपली तरी ती कापू नका, ती घडावर आणि बुंध्यावर छत्रीसारखी राहू देत.

गच्चीवरच्या कुंड्यांचं सोपं आहे. थंडीत सूर्य दक्षिणेकडून जातो, म्हणून जी भिंत दक्षिणेला तोंड करून आहे तिच्या पायथ्याशी सगळ्या कुंड्या एकमेकींना चिकटून मांडा. भिंत दिवसभर तापते आणि रात्री ऊब देते. लहान पिशव्या आणि छोट्या कुंड्या मध्ये, मोठ्या बाहेरच्या बाजूला. पत्र्याच्या छतावर कुंड्या असतील तर त्या आधी खाली घ्या, पत्रा रात्री झपाट्यानं गार होतो. अँथुरियम घरात घ्या, पण सकाळी ते एकदम पूर्वेच्या कडक उन्हात ठेवू नका. गारठलेल्या पानावर थेट ऊन पडलं की पांढरे-तपकिरी चट्टे येतात, आणि मग लोक म्हणतात कीड लागली.

तुळशीच्या मंजिऱ्या खुडून घ्या, बी धरलेलं झाड आधीच थकलेलं असतं. वृंदावन हलवता येत नसेल तर रात्री वर एक सुती पंचा टाकला तरी तुळस तरते. कढीपत्ता पिवळा पडेल, कदाचित सगळाच गळेल, काळजी करू नका. जास्वंदीच्या कळ्या गळतील, त्यालाही उपाय नाही आणि गरजही नाही. मोगरा, चाफा या दिवसांत झोपलेलेच असतात. आलं-हळदीचा पाला वाळला म्हणून पुष्कळ जण कुंडी रिकामी करून टाकतात, त्यांचे कंद खाली जिवंत असतात. आणि या चार-पाच दिवसांत खत कुणालाच देऊ नका. युरियानं कोवळा फुटवा आला की गारठा पहिल्यांदा तोच मारतो.

थंडी सगळ्यांचीच वैरीण नाही. शेवंती, गुलाब, मेथी, कोथिंबीर, वाटाणा यांना हीच हवा मानवते. आणि आंब्याला तर मोहोर धरायला रात्रीचा गारवा लागतोच. घरी आंबा असेल तर फक्त भुरीवर लक्ष ठेवा. मोहोरावर पीठ शिंपडल्यासारखं दिसलं की १० लिटर पाण्यात २० ग्रॅम पाण्यात मिसळणारं गंधक घालून संध्याकाळी फवारा, मधमाश्या घरी परतल्यावर.

आता तुमच्या सरड्याकडं येतो. तो मेला नव्हता. बागेतला सरडा रात्री फांदीच्या टोकाला जाऊन झोपतो. त्याच्या अंगात आपल्यासारखी उष्णता तयार होत नाही, बाहेर जेवढी तेवढी आत. पारा १०-१२ वर आला की त्याचे स्नायू आखडतात. डोळे मिटलेले, चारी पायांनी काडी घट्ट पकडलेली, बोट लावलं तरी हलत नाही. मी असा सरडा पुष्कळदा जवळून बघितलाय. साडेसातला तो काळपट असतो, कारण गडद रंगानं ऊन जास्त शोषलं जातं. ऊन फांदीवर आलं की तो अंग चपटं करून एक कूस उन्हाकडं वळवतो. मग एक डोळा उघडतो. मग मान वर येते. हळूहळू काळपटपणा उतरून पिवळसर, तपकिरी रंग परत येतो, आणि नऊ-साडेनऊला तो फांदीवर मान खालीवर करत बसलेला असतो, जणू रात्री काही झालंच नाही. तुम्ही फक्त एवढंच करा, त्याला हात लावू नका, कोमट पाण्यात घालू नका, शेगडीजवळ नेऊ नका. जमिनीवर पडलेला असेल तर एका मोठ्या पानावर उचलून ऊन येणाऱ्या झुडपात ठेवा, नाहीतर कावळा किंवा मांजर उचलेल. जास्वंदीवर सकाळी कापड काढताना मात्र हळू काढा. ओढलंत तर तो कापडाबरोबर खाली येईल.

मधमाश्यांचंही असंच. सकाळी गच्चीवर दोन-चार माश्या निपचित पडलेल्या दिसतील. त्या झाडून कचऱ्यात टाकू नका, उन्हात आल्या की बऱ्याचशा उडून जातात. तोवर लहान मुलांना अनवाणी फिरू देऊ नका. लिंबाच्या फांदीवर फुलोरी माशीचं तळहाताएवढं पोळं असेल तर ती फांदी छाटू नका. आणि उंच इमारतीवर किंवा मोठ्या झाडावर आग्या मोहोळ असेल, तर त्याखाली शेकोटी पेटवू नका. धूर वर गेला की आख्खं मोहोळ उठतं.

लिंबाच्या किंवा कढीपत्त्याच्या काडीला धाग्यानं बांधल्यासारखा एखादा हिरवा-तपकिरी कोश दिसला, तर तोही राहू द्या. आपल्या राज्याचं फुलपाखरू नीलवंत लिंबाच्या जातीच्या झाडांवर वाढतं, त्याचाही कोश असाच असतो. थंडीत तो उघडायला नेहमीपेक्षा जास्त दिवस लागतात, म्हणून लोक वाळलेलं पान समजून तोडतात.

सापांबद्दल तुमची भीती रास्त आहे, आणि ती योग्य सवयीनं हाताळता येते. ऊस तुटला की त्यातल्या उंदरांना आसरा राहत नाही, ते घरांकडं सरकतात आणि त्यांच्यामागं धामण, नाग, घोणस. त्यात घोणशीचा मिलनाचा काळ थंडीतच असतो, त्यामुळं बाकीचे साप सुस्त असताना घोणस फिरताना दिसते, गार दिवसांत उन्हाला येऊन पडते. जाडसर अंग, त्रिकोणी डोकं, पाठीवर साखळीसारख्या तपकिरी ठिपक्यांच्या तीन रांगा, आणि डिवचलं की कुकरच्या शिट्टीसारखा लांब फूत्कार. पुष्कळ जण तिला अजगराचं पिल्लू समजून हात घालतात.

एका जानेवारीत माझ्याकडं असं झालं. आम्ही रोपांवरची बारदानं सकाळी काढून वाफ्याच्या कडेला जमिनीवरच ढीग करून टाकत होतो, संध्याकाळी परत वापरायला. तीन दिवस तो ढीग तसाच ऊन खात होता. चौथ्या दिवशी संध्याकाळी माझ्या मदतनीसानं वरची दोन बारदानं उचलली आणि तिसऱ्याला हात घालणार तेवढ्यात आतून तो आवाज आला. तो जागच्या जागी थांबला, हात मागं घेतला, दोन पावलं सरकला. घोणस वेटोळं करून ढिगाच्या मधोमध होती. आम्ही सर्पमित्राला बोलावलं, त्यांनी तिला नेली. चूक तिची नव्हती, गरम, कोरडी, अंधारी जागा मीच तिला तयार करून दिली होती.

त्या दिवसापासून आमच्याकडं काही गोष्टी ठरलेल्या आहेत, त्या तुम्हीही पाळा. काढलेली कापडं आणि बारदानं जमिनीवर ठेवायची नाहीत, दोरीवर वाळत घालायची. संध्याकाळी घालण्याआधी झटकायची. सकाळी काढताना आधी कामट्यांवर काठीनं हलकं आपटायचं, मिनिटभर थांबायचं, मग आकडीच्या काठीनं पलीकडची कड आधी उचलायची, आपल्याकडची नाही. म्हणजे आत कुणी असेल तर त्याला आपल्यापासून दूर जायला वाट मिळते. पाचटात हात घालायचा नाही, आधी दाताळ्यानं ओढायचं. पायात बूट, हातात टॉर्च. परसातला लाकडांचा, विटांचा ढीग असेल तर तो आत्ता, ऊसतोड सुरू होण्याआधी, भर दुपारी हलवा. रात्री जमिनीवर अंथरूण घालू नका.

साप दिसला तर त्याच्यावर नजर ठेवा, अंतर ठेवा आणि सर्पमित्राला किंवा वनविभागाच्या १९२६ या क्रमांकाला फोन करा. चावलाच तर चिरा देऊ नका, आवळून दोरी बांधू नका, चोखू नका. चावलेला हात किंवा पाय न हलवता माणसाला सरळ कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात न्या. वेळ मंत्र-उताऱ्यात घालवू नका.

उसाच्या फडात तोड चालू असताना मजुरांना कधी कधी मांजरासारखी ठिपकेवाली पिल्लं सापडतात. बिबट्याची समजून गाव गोळा होतं. बऱ्याचदा ती रानमांजराची असतात. कुणाचीही असोत, उचलून घरी आणायची नाहीत, दूध पाजायचं नाही. तेवढा पट्टा सोडून मजुरांना बाजूला घ्यायचं, वनविभागाला कळवायचं. आई अंधार पडल्यावर येते आणि तोंडात धरून पिल्लं घेऊन जाते.

आणि गवा. १९५८ साली दाजीपूरला गव्यांसाठी अभयारण्य झालं, पुढं ते राधानगरी अभयारण्य म्हणून वाढलं. थंडी वाढत जाते तसं डोंगरातलं गवत वाळतं, आणि हिरव्या उसासाठी, पाण्यासाठी गवे खाली उतरतात. २०२१ च्या डिसेंबरात ते पंचगंगेच्या काठापर्यंत आले होते. त्यामुळं वडणग्याच्या रानात पहाटेच्या धुक्यात गवा दिसला तर ते अशक्य नाही. दिसायला शांत असतो, पण मोठा नर ८००-९०० किलोंचा असतो आणि घाबरला की समोर दिसेल त्याच्यावर जातो. धोका असतो तो बघ्यांच्या गर्दीचा. मोबाईल काढून मागं पळणं, दुचाकीचे हॉर्न वाजवणं, कुत्री सोडणं, यातून माणसं मेलीत. त्याची परतीची वाट मोकळी ठेवा आणि १९२६ ला सांगा.

पक्ष्यांसाठी तुम्हाला फार काही करावं लागणार नाही. उथळ परळात रोज ताजं पाणी, झाडाखाली थोडा पालापाचोळा न झाडता ठेवलेला, एवढं पुरे. जास्वंदीची फुलं तोडून टाकू नका, शिंजीर सकाळी ऊर्जा भरून घ्यायला तिथंच येतो. या दिवसांत पहाटे तारेवर बघा, वेडे राघू सात-आठ जण एकमेकांना खेटून, पिसं फुलवून, चोची एका दिशेला करून बसलेले असतात. जुन्या आंब्याच्या ढोलीच्या तोंडाशी पिंगळा अर्धे डोळे मिटून ऊन खात असतो. हिवाळी पाहुणे धोबी तुमच्या ओल्या वाफ्यात शेपटी हलवत कीटक टिपतील, त्यांना हाकलू नका. कुत्र्याची पिल्लं असतील तर आडोशाला एक पोतं टाका, आणि सकाळी गाडी चालू करण्याआधी बॉनेटवर दोनदा थाप मारा, आत मांजर बसलेलं असतं.

लाट सरल्यावर सगळ्यात कठीण काम म्हणजे हात आवरणं. काळी पानं, वाळलेले शेंडे बघून कात्री घ्यावीशी वाटेल. एकच अपवाद आहे, जे मऊ पडलंय, वास मारतंय, ते लगेच कापा, कारण ते कुजणं खाली उतरतं. जे नुसतं वाळलंय ते राहू द्या. ते वाळकं पान खालच्या जिवंत पेराला पुढच्या गारठ्यापासून झाकतं, आणि जानेवारीत दुसरी लाट येऊ शकते. होळी झाली, रात्री उबदार झाल्या की मग शेंड्याकडून खाली खाली येत नखानं साल थोडी खरवडा. आतून तपकिरी, कोरडं निघालं तर अजून खाली जा. जिथं ओलसर हिरवं लागेल, तिथून बोटभर वर कापा. पहिलं खतही तेव्हाच, मूठभर शेणखत, बस.

उद्या सकाळी केळीजवळचा थर्मामीटर किती दाखवतो ते मला कळवा. आकडा आला की अँथुरियम बाहेर काढायचं की आतच ठेवायचं ते सांगतो.